गर्भनिरोधक निवडताना: आधी काय तपासावे, केव्हा सुरू करावे आणि चूक झाल्यास काय करावे

गर्भनिरोधक वापरत असतानाही दिवस गेले, असे सांगणाऱ्या पुष्कळ जोडप्यांच्या बाबतीत साधनात दोष नसतो. गोळ्यांचे नवे पाकीट चार दिवस उशिरा उघडलेले असते, इंजेक्शनची तारीख उलटून गेलेली असते, पुरुष नसबंदीनंतर तीन महिने दुसरे साधन वापरायचे असते हे कोणी नीट सांगितलेले नसते, किंवा शेजारणीला मानवलेली गोळी स्वतःच्या प्रकृतीला चालते का हे न पाहता घेतलेली असते आणि त्रास होताच मध्येच सोडून दिलेली असते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच वाचावेत. ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती?’ हा प्रश्न बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात. त्याचे उत्तर पहिले तीन टप्पे पार पडल्यावरच देता येते.

१. दवाखान्यात जाण्यापूर्वी कागदावर काय लिहावे

पहिली नोंद कालावधीची करावी. पाळणा वर्षभर लांबवायचा आहे, तीन ते पाच वर्षे लांबवायचा आहे, की आता मूल नकोच आहे, हे पतिपत्नींनी आपसांत ठरवलेले असले, तर अर्धी निवड तिथेच होते. सहा महिन्यांनी मूल हवे असलेल्या स्त्रीने इंजेक्शन घेणे जितके गैरसोयीचे, तितकेच दहा वर्षे मूल नको असलेल्या स्त्रीने रोजच्या गोळीवर विसंबणे दगदगीचे असते.

दुसरी नोंद प्रकृतीची. वय, शेवटच्या पाळीची तारीख, पाळी नियमित येते का, रक्तस्राव जास्त होतो का, बाळ अंगावर पीत असल्यास ते किती महिन्यांचे आहे, विडी-सिगारेटचे व्यसन, उच्च रक्तदाब, मधुमेह, पूर्वी झालेली कावीळ, पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत झालेली रक्ताची गाठ, हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग आणि अर्धशिशी या सर्वांचा उल्लेख असावा. अर्धशिशी असल्यास डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांसमोर झगमगत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात का, हे मुद्दाम लिहावे, कारण एका संपूर्ण गटातील गोळ्या चालतील की नाही हे त्या एका लक्षणावर ठरते.

तिसरी नोंद चालू औषधांची. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) गोळ्यांचा प्रभाव कमी करतात. रिफाम्पिसिन थांबवल्यानंतरही हा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो. क्षयरोगाचे उपचार एका दवाखान्यात आणि गर्भनिरोधक दुसऱ्याच ठिकाणी चालू असते, तेव्हा ही गोष्ट हमखास निसटते.

शेवटी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा: रोज ठरलेल्या वेळी गोळी घेणे घरच्या धबडग्यात जमणार आहे का, आणि पाकीट ठेवायला स्वतःची म्हणावी अशी जागा आहे का? एकत्र कुटुंबात राहणाऱ्या कित्येक स्त्रियांची गोळी याच कारणाने बंद पडते.

*तपासणी:* निवड करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्यावा. उपकेंद्रातील सिस्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र हे काम काही मिनिटांत करते, तरीही हीच पायरी सर्वाधिक वगळली जाते.

२. गर्भ राहिलेला नाही, याची खात्री

पुढीलपैकी एक जरी गोष्ट लागू असेल आणि गर्भधारणेचे कोणतेही लक्षण नसेल, तर गर्भ नसल्याचे पुरेशा खात्रीने मानता येते: पाळी गेल्या ७ दिवसांत सुरू झाली आहे (तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, हिच्यासाठी १२ दिवसांपर्यंत चालते), शेवटच्या पाळीपासून किंवा बाळंतपणापासून संबंध आलेला नाही, गेल्या ४ आठवड्यांत बाळंतपण झाले आहे, गेल्या ७ दिवसांत गर्भपात झाला आहे, बाळ ६ महिन्यांहून लहान असून पूर्णपणे अंगावर आहे आणि पाळी परत आलेली नाही, किंवा आधीची खात्रीची पद्धत न चुकता वापरली जात आहे.

यांपैकी काहीच लागू नसेल, तर लघवीची तपासणी करावी. ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मिळते.

*सावधान:* पाळी चुकण्याआधी केलेली तपासणी नकारार्थी आली म्हणून निश्चिंत राहू नये. तोवर कंडोम वापरून पाळीची वाट पाहावी, किंवा तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

३. खात्रीचे आकडे कसे वाचावेत

प्रत्येक पद्धतीला दोन आकडे असतात. एक नियम तंतोतंत पाळल्यावरचा आणि दुसरा घरोघरी प्रत्यक्ष होणाऱ्या वापरातला. जाहिरातीत पहिला दिसतो; निवड दुसऱ्यावरून करावी. अमेरिकेतील पाहण्यांवर आधारलेल्या प्रचलित आकड्यांनुसार, वर्षभरात १०० स्त्रियांपैकी नको असताना दिवस जाण्याचे प्रमाण रोजच्या गोळीत नियम पाळल्यास १ पेक्षाही कमी, पण प्रत्यक्षात सुमारे ७ असते. कंडोममध्ये ते २ आणि १३, तर तीन महिन्यांच्या इंजेक्शनमध्ये १ पेक्षा कमी आणि ४ असे आहे. तांबी आणि नसबंदी यांत मात्र दोन्ही आकडे जवळपास सारखेच, म्हणजे १ पेक्षा कमी राहतात, कारण एकदा काम झाल्यावर माणसाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही. ऐनवेळी बाहेर काढून घेण्याच्या सवयीत हा आकडा २० च्या घरात जातो, म्हणून तिला पद्धत म्हणणेही कठीण आहे.

‘सुरक्षित दिवस’ मोजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की पाळीचे चक्र नेहमी २६ ते ३२ दिवसांचेच असेल तरच हा हिशेब लागू पडतो, आणि तेव्हाही पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास ८ वा ते १९ वा दिवस धोक्याचा असतो. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीत पाळी मागेपुढे होऊ लागली, की हा हिशेब सोडून द्यावा.

४. प्रकृतीनुसार आधी वगळणे, मग निवडणे

इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गोळ्या, म्हणजे सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन आणि औषधांच्या दुकानांतील बहुतेक मासिक गोळ्या, पुढील स्त्रियांनी घेऊ नयेत: रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या, झगमगत्या रेषांसह येणारी अर्धशिशी असलेल्या, रक्तवाहिनीत रक्ताची गाठ, हृदयविकार, पक्षाघात किंवा स्तनाचा कर्करोग झालेल्या, यकृताचा गंभीर आजार असलेल्या, आणि सहा महिन्यांहून लहान बाळाला अंगावर पाजणाऱ्या.

छाया ही संप्रेरक नसलेली गोळी आहे आणि ती अंगावर पाजणाऱ्या मातेला चालते. तथापि बीजकोशात गाठींचा आजार असलेल्या, नुकतीच कावीळ झालेल्या, तसेच क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या स्त्रियांना ती देत नाहीत. तांबीसाठी ओटीपोटात चालू असलेला जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव आणि गर्भाशयाचा आकार बिघडवणाऱ्या गाठी या अडचणी आहेत. ज्यांना पाळीत मुळातच फार रक्तस्राव होतो आणि रक्त कमी आहे, त्यांनी तांबे असलेल्या तांबीऐवजी संप्रेरक असलेल्या तांबीविषयी विचारावे. ती महाग असते, पण तिने रक्तस्राव घटतो.

दंडाच्या कातडीखाली बसवण्याचे इम्प्लांट तीन वर्षे टिकते. सरकारी योजनेत ते टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे जवळच्या रुग्णालयात उपलब्ध आहे का, हे विचारूनच ते मनात धरावे.

*सावधान:* लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांपासून आणि एचआयव्हीपासून केवळ कंडोम संरक्षण देतो. तो धोका असल्यास दुसरी कोणतीही पद्धत चालू असतानाही कंडोम वापरावाच लागतो.

५. सुरुवात

*माला-एन.* पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ संप्रेरकांच्या आणि उरलेल्या ७ लोहाच्या. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात केल्यास लगेच संरक्षण मिळते. इतर दिवशी सुरू केल्यास पहिले ७ दिवस कंडोम लागतो. सर्वांत मोठी चूक पाकीट संपतानाच होते. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते, ती थांबेपर्यंत वाट पाहून मग नवे पाकीट उघडायचे, असे अनेकींना वाटते. प्रत्यक्षात त्या सात दिवसांत शरीराला संप्रेरक मिळालेले नसते, आणि ही पोकळी सात दिवसांपलीकडे लांबली, की बीजकोश जागा होऊन बीज सोडू शकतो. म्हणून २८ वी गोळी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पाळी चालू असो वा नसो, नवे पाकीट उघडावे. लोहाची गोळी राहिली तर बिघडत नाही. नव्या पाकिटातली पहिली गोळी राहिली, तर पुष्कळच बिघडते. म्हणूनच पुढचे पाकीट आधीचे संपण्यापूर्वीच आणून ठेवावे.

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मळमळ किंवा अधूनमधून डाग दिसतात, ते बहुधा आपोआप थांबतात; रात्री जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते. मात्र छातीत दुखणे, एका पायाच्या पोटरीत सूज येऊन तीव्र वेदना होणे, अचानक असह्य डोकेदुखी, दिसण्यात बिघाड किंवा पोटात जोरात दुखणे यांपैकी काही झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

*छाया.* या गोळीत लोक वारात चुकतात. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची आणि पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, सोमवारी घेतली तर गुरुवारी, मंगळवारी घेतली तर शुक्रवारी, अशी जोडी ठरलेली आहे. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच, पहिल्या गोळीच्या वारी, आणि हे पाळीवर अवलंबून नसते. पाळी आली म्हणून खंड पाडायचा नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात तीन महिन्यांच्या दोन्ही वारांवर एकाच बैठकीत खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे ‘या आठवड्यात दुसरी घेतली का’ हा घोळ होत नाही. या गोळीने पाळी लांबते आणि कमी जाते. ती १५ दिवसांहून अधिक लांबली, तर लघवीची तपासणी करावी.

*अंतरा.* हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. पाळीच्या पहिल्या ७ दिवसांत घेतल्यास दुसरे साधन लागत नाही. टोचलेली जागा चोळू नये आणि शेकू नये, कारण त्यामुळे औषध लवकर शोषले जाऊन शेवटच्या आठवड्यांत त्याचा प्रभाव अपुरा पडू शकतो. पुढची मात्रा दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत घेता येते. परंतु उशिराची ही सवलत अडचणीसाठी आहे, वेळापत्रक म्हणून ती गृहीत धरू नये. पहिल्या काही महिन्यांत अवेळी रक्तस्राव होतो आणि पुढे पाळी अनेकदा थांबते. ‘रक्त आत साठते’ हा समज खोटा आहे. गर्भाशयाचे अस्तर वाढतच नसल्यामुळे बाहेर पडायलाही काही नसते. ही एक गोष्ट पहिल्या इंजेक्शनआधी स्त्रीला आणि तिच्या सासूलाही सांगितली गेली असती, तर किती तरी जणींनी दुसरे इंजेक्शन चुकवले नसते.

*तांबी.* सरकारी रुग्णालयात दोन प्रकारच्या तांब्या मिळतात: एक १० वर्षांची (३८० ए) आणि दुसरी ५ वर्षांची (३७५). बसवल्याच्या क्षणापासून ती काम करते. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जाते आणि ओटीपोटात कळा येतात. याची कल्पना नसेल तर घाबरून ती काढून घेतली जाते. बाहेर सरकण्याची शक्यताही पहिल्या तीन महिन्यांतच अधिक असते, म्हणून पहिल्या पाळीनंतर तपासणीला जावे. तांबी पोटातून वर छातीकडे जाते, ही भीती निराधार आहे. ताप, दुर्गंधी येणारा स्राव, ओटीपोटात सतत दुखणे किंवा तांबीचा योनीत असणारा दोरा हाताला न लागणे, यांपैकी काही आढळल्यास मात्र लगेच दाखवावे. कार्डावरची बसवल्याची आणि काढण्याची तारीख जपून ठेवावी.

*कंडोम.* वापरण्याची तारीख पाहावी, दाताने पाकीट फाडू नये, टोकाची हवा दाबून काढावी आणि बाहेर पडताना कडा धरून ठेवावी. पैशाच्या पाकिटात महिनोन्‌महिने दबून राहिलेला कंडोम फाटतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्यानेही लॅटेक्स कमजोर होते. वंगण हवे असेल तर पाण्यात मिसळणारे घ्यावे. एकावर एक दोन चढवल्याने संरक्षण वाढत नाही, घर्षणाने दोन्ही फाटण्याचा धोका मात्र वाढतो.

*कायमची शस्त्रक्रिया.* सरकारी नियमांनुसार स्त्रीचे वय २२ ते ४९, पुरुषाचे ६० पेक्षा कमी आणि किमान एक वर्षाचे एक अपत्य असावे लागते. जोडीदाराची सही आवश्यक नसते. स्त्रीची शस्त्रक्रिया पाळीनंतर ७ दिवसांत किंवा बाळंतपणानंतर ७ दिवसांत होते; पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात केल्यास आधीच राहिलेला गर्भ नजरेतून सुटू शकतो. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी त्याहून सोपी असते: पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते, आणि पुरुषी संप्रेरक रक्तावाटे जात असल्याने ताकदीवर व संबंधांवर परिणाम होत नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के होते. दोन मुलांनंतर ‘हिचेच ऑपरेशन करून टाकू’ हा निर्णय चर्चेविना होतो, तो निदान एकदा चर्चेला तरी घ्यावा.

*सावधान:* पुरुष नसबंदीनंतर तीन महिने दुसरे साधन वापरावेच लागते, कारण वरच्या नळ्यांत शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्रजंतू नसल्याचे लेखी मिळाल्यावरच साधन सोडावे.

६. बाळंतपण आणि गर्भपातानंतर

‘अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत’ या समजुतीत अर्धेच सत्य आहे. तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आत असावे, दिवसा व रात्री फक्त अंगावरच असावे, आणि पाळी परत आलेली नसावी. पाणी, साखरपाणी, बाळघुटी किंवा वरचे दूध सुरू झाले, की दुसरी अट मोडते आणि त्या दिवसापासून भरवसा संपतो. पाळी येण्याची वाट पाहू नये, कारण बीज पाळीच्या आधी सुटते. अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीला तर बाळंतपणानंतर तीन-चार आठवड्यांतही गर्भ राहू शकतो.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. ती संधी हुकली तर सहा आठवडे थांबावे लागते. त्यामुळे हा निर्णय प्रसूतीच्या खोलीत न घेता आठव्या-नवव्या महिन्यातील तपासणीतच नोंदवावा. अंगावर पाजणाऱ्या मातेला अंतरा सहा आठवड्यांनंतर देतात.

गर्भपातानंतर बीज अवघ्या दहा-अकरा दिवसांत सुटू शकते. संसर्ग नसेल तर बहुतेक पद्धती त्याच भेटीत सुरू करता येतात आणि तसे स्वतःहून विचारावे.

७. गोळी विसरली किंवा कंडोम फाटला

माला-एनची एक गोळी राहिली, तर आठवताच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालते. दोन किंवा अधिक राहिल्या, तर एक लगेच घ्यावी, राहिलेल्या बाकीच्या टाकून द्याव्यात आणि ७ दिवस कंडोम वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात घडले असेल, तर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यात घडले आणि त्या दरम्यान संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीचा (असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीचा) विचार करावा. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाल्यास दुसरी घ्यावी.

छायाला ७ दिवसांपेक्षा कमी उशीर झाला असेल, तर लगेच घेऊन ठरलेले वार चालू ठेवावेत आणि पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरावा. ७ दिवसांहून अधिक उशीर झाला, तर आठवड्यातून दोनदा या पहिल्या तीन महिन्यांपासून पुन्हा सुरुवात करावी.

तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, आणि पहिल्या दिवशी घेतलेली तिसऱ्या दिवशी घेतलेल्यापेक्षा अधिक काम करते. ती बीज सुटणे लांबवते. बीज सुटून गेले असल्यास तिचा उपयोग होत नाही आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. ती घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आल्यास संरक्षण नसते, उलट बीज पुढे ढकलले गेल्यामुळे धोका वाढतो. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे हा याहून खात्रीचा उपाय आहे, आणि पुढची पाच किंवा दहा वर्षेही त्यातच निघतात.

*तपासणी:* पाळी अपेक्षित दिवसापेक्षा आठवडाभर लांबली, तर लघवीची तपासणी करावी. तांबी असताना किंवा नसबंदीनंतर पाळी चुकून एका बाजूला ओटीपोटात दुखू लागले, चक्कर आली, तर गर्भ नळीत असू शकतो. तेव्हा एक तासही वाया घालवू नये.

दिवस गेलेच, तर गर्भपाताच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेऊ नयेत. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक अपयशी ठरणे हे कारण विवाहित असो वा नसो, कोणत्याही स्त्रीला २० आठवड्यांपर्यंत लागू होते आणि प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते.

८. पद्धत बदलताना किंवा थांबवताना

आधीची सोडून मग नवीचा विचार करणे, या उलट्या क्रमात बरेच गर्भ राहतात. गोळीवरून इंजेक्शनवर जाताना पाकीट चालू असतानाच इंजेक्शन घ्यावे. इंजेक्शनवरून गोळीवर जाताना पुढच्या मात्रेच्या तारखेलाच गोळी सुरू करावी. तेव्हा पाळीची वाट पाहू नये, कारण ती बराच काळ येणार नाही. तांबी शक्यतो पाळीत काढावी. इतर दिवशी काढायची असेल, तर आधीचे सात दिवस कंडोम वापरावा, कारण आत राहिलेले शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

मूल हवे म्हणून थांबवायचे असल्यास गोळी किंवा तांबी सोडल्यावर लगेच दिवस जाऊ शकतात. अंतरानंतर मात्र शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागतात, म्हणून पुढच्या वर्षी मूल हवे असल्यास यंदाच इंजेक्शन थांबवून मधल्या काळात कंडोमवर यावे.